निळा खवा

आमच्या सरांनी आयुष्यभर परीक्षेत एकच प्रश्न विचारला. ते अर्थशास्त्र शिकवायचे, मी शेजारच्या वर्गात मराठी. दोन वर्गांच्या मधली भिंत इतकी पातळ होती की त्यांचा खडू मोडला तर माझी पोरं मागं वळून बघायची. त्या भिंतीतून दरवर्षी तोच प्रश्न माझ्या वर्गात घुसायचा : एखाद्या राष्ट्राध्यक्षाच्या आर्थिक वारशातून सावरायला देशाला किती काळ लागतो? सोदाहरण लिहा.

पोरं आपापल्या धाडसाप्रमाणं पाच वर्षं, दहा वर्षं लिहून मोकळी व्हायची. सर भोपळा द्यायचे. एका बहाद्दरानं लिहिलं, 'सर, मला आत्ता सांगता येत नाही, थोडं थांबून सांगतो.' त्याला वीसपैकी अठरा मिळाले. उरलेले दोन कुठं गेले म्हणून मी विचारलं, तर सर म्हणाले, तो सांगायला येईल तेव्हा देईन. तो पोरगा आता उमरग्याला हायवेवर टायरचं दुकान चालवतो. त्याचे दोन गुण सरांनी अजून जपून ठेवलेत.

सर ताजा पेपर वाचत नसत. म्हणजे पेपर रोज यायचा, पण तो थेट माळ्यावर जायचा. तिथं तो चार-पाच वर्षं मुरायचा आणि मग एक-एक करून खाली उतरायचा. "बातमी कैरीसारखी असती," ते म्हणायचे, "ताजी खाल्ली की दात आंबत्यात." माळा इतका वाकला होता की खाली झोपणाऱ्या माणसाला नाकानं बातम्या वाचता आल्या असत्या. याचा परिणाम असा, की परंड्याच्या स्टँडवरच्या हॉटेलात सगळं जग एका काळात आणि सर दुसऱ्या काळात बसायचे. पडलेल्या सरकारबद्दल ते आशेनं बोलायचे. एकदा एका पुढाऱ्याच्या तब्येतीची त्यांनी फार आस्थेनं चौकशी केली. त्याचं वर्षश्राद्ध आम्ही नुकतंच जेवून आलो होतो.

पण एक दिवस आठवतो. समुद्रापलीकडच्या एका देशाची तेव्हा टीव्हीवर फार वाताहत चालली होती. पंपावर रांगा, औषधांना रांगा, आणि नवा राष्ट्राध्यक्ष घामाघूम होऊन हात जोडतोय. हॉटेलातले सगळे त्याला शिव्या घालत होते. जुना राष्ट्राध्यक्ष होता तेव्हा कसं सोनं होतं, हेही एकानं छाती ठोकून सांगितलं. त्याला तो देश कुठं आहे ते ठाऊक नव्हतं, पण सोनं दिसत होतं. सरांनी आपला जुना पेपर आमच्यापुढं पसरला. त्यात त्याच देशातल्या जुन्या राष्ट्राध्यक्षाचा फोटो होता. कर माफ केले, चैनीच्या वस्तू स्वस्त केल्या, रस्त्यावर लोक नाचतायत, ह्यानं गळ्यात हार घातलेत.

"रांगा ह्या इथं लागल्या," सर फोटोवर बोट ठेवून म्हणाले. "तुमाला आत्ता दिसल्या."

सगळे हसले. मीही हसलो.

घरातही त्यांचं असंच. वैशाखी पौर्णिमेची खीर मी दरवर्षी त्यांच्याकडं इतकी चापायचो की परत येताना जीपवाला दोन सीटचं भाडं मागायचा. त्या खिरीचं कौतुक सर आषाढात करायचे. पोटानं सही केल्याशिवाय तोंडानं शिक्का मारू नये, असं त्यांचं म्हणणं. वैनी पदराआड हसत मला म्हणायच्या, "भाऊजी, ह्यांनी मला 'बरी हायेस' म्हणलं तवा थोरलीचं लगीन ठरलं होतं."

असा हा माणूस निवृत्त होऊन सोनारीच्या वाटेवरच्या आपल्या, म्हणजे माझ्याही, गावी गेला, आणि गावानं त्यांना खवा संस्थेचं अध्यक्ष केलं.

आमच्या भागात दूध म्हणजे खवा व्हायच्या आधीची अवस्था. सकाळी घराघरातलं दूध संस्थेच्या भट्टीवर यायचं, बायका मोठमोठ्या कढयांत ते आटवायच्या आणि खवा सोनारीच्या पेढेवाल्यांकडं जायचा. काळभैरवाला येणाऱ्या माणसाच्या हातात नारळ आणि पेढा असतोच. त्या पेढ्यावर आमच्या गावाची चूल पेटायची.

सरांच्या आधीचे जे अध्यक्ष होते त्यांना आपण माजी अध्यक्ष म्हणू. पांढरे बूट आणि असं हसू, की समोरच्याला आपलंच काहीतरी चांगलं झाल्यासारखं वाटावं. त्यांच्या काळात दुधाला भाव मिळाला, दिवाळीला घरोघरी स्टीलची घागर आली, मारुतीच्या देवळाला रंग लागला. म्हशी तेवढ्याच, वैरण तेवढीच आणि खवा मात्र दर महिन्याला बाळसं धरतोय. कसं काय, हे कुणी विचारलं नाही. घागर डोक्यावर असली की मान वळत नाही. मग ऐन भरात त्यांनी तब्येतीच्या कारणावरून राजीनामा दिला. निरोपाच्या मिरवणुकीत हा आजारी माणूस लेझीम खेळला आणि ढोलवाला दमून खाली बसला.

ते गेले आणि कळ उठली. सोनारीचे पेढे दोन दिवसांत आंबू लागले. सोनारीची माकडं तुम्हाला ठाऊक असतील. चष्मा, चप्पल, पिशवी, काहीही सोडत नाहीत. एका कारकुनाचा डबा पळवून, रिकामा करून, भाजी खारट होती म्हणून त्याच्या अंगावर फेकलेला मी बघितलाय. त्यांतल्या एकानं भाविकाच्या हातातला पेढा घेतला, हुंगला आणि त्याच्याच तळहातावर परत ठेवला. सरांना हे सांगितलं तर ते गंभीरपणे म्हणाले, "मोठ्या देशांची पत ठरवायला पगारी मानसं असत्यात. आपली माकडं ते फुकट करत्यात, आन् लाच खात न्हाईत."

पेढेवाल्यांनी आमचा खवा बंद केला. नासका खवा आणि रिकामी खुर्ची एवढंच संस्थेत उरलं. खुर्चीकडं कुणी बघेना, तेव्हा सरांचं नाव पुढं आलं. सभेत ठरलं ते असं : पुढच्या यात्रेपर्यंत सोनारीनं खवा परत घेतला तर ठीक, नाहीतर भट्टी मोडायची आणि दूध टँकरला घालायचं. टँकरवाला मन मानेल तो भाव देणार, आणि भट्टीवर रोजी कमावणाऱ्या बायका घरी बसणार, हे सगळ्यांना कळत होतं. सर फक्त म्हणाले, "येळ दिलात, लई झालं."

पहिल्याच सभेत त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेली आयोडीनची बाटली काढली. जुन्या खव्यावर एक थेंब टाकला. खवा शाईसारखा निळा झाला. पीठ असलं की असा रंग येतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. वजन वाढावं म्हणून माजी अध्यक्षांच्या काळात खव्यात पीठ पडत होतं. मग मागून एकजण उठला.

"गुर्जी, निळा तर निळा. पर घागर मिळालती का न्हाय?"

टाळ्या पडल्या.

सरांनी भट्टीवरचं पिठाचं पोतं उचलून नेलं. वजन घटलं, भाव उतरला, दिवाळी कोरडी गेली. पारावर, भट्टीवर, विहिरीवर एकच गाणं : त्या मानसाच्या काळात काय दिवस होते. मला राहवेना. मी म्हटलं, सर, हे सगळं त्याचं पाप आहे, रोज उठून सांगा की. सर म्हणाले, "एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तर ती सबब ठरंल. आन् रोज सांगाय लागलो तर तोच माझा कारभार होऊन बसंल."

सोनारीला एक म्हातारे पेढेवाले होते, तिखट जिभेचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. सरांनी त्यांच्यापुढं शपथ घेतली नाही. शपथ मागच्यानंही घेतली होती. त्यांनी खव्याचा एक गोळा मामांच्या फळीवर ठेवला आणि म्हणाले, विकत घेऊ नका, नुसता बघत राहा. चार दिवसांनी आम्ही गेलो. मामांनी गोळा पुढं सरकवला. त्याला घाण वास मारत होता.

"गुर्जी, अध्यक्ष बदलला," मामा म्हणाले, "खवा त्योच हाय."

सरांनी खिशातली बाटली काढून थेंब टाकला. निळा.

जो माणूस पाऊस आला तरी पावलं मोजून टाकायचा तो त्या दिवशी जीपकडं पळत सुटला. माझ्या डोक्यात तर लगेच कट शिजला. माजी अध्यक्षांची माणसं, फितुरी, पैसे चारले असणार. मी सरांना म्हटलं, आपण वैरणीच्या गंजीत दडून बसू आणि चोर पकडू. सर म्हणाले, गंजीत कशाला, भट्टीवर बाकडं हाय की. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सरळ बाकड्यावर जाऊन बसलो.

कढईवर शालन होती. माजी अध्यक्षांच्या काळात लग्न होऊन गावात आलेली, हसरी, हाताला चपळ. दूध आटलं, दाटलं, कडा सोडू लागलं. तिनं उलथणं एका हातात घेतलं, दुसरा हात ओटीत घातला, मूठभर पीठ काढलं, ती मूठ कपाळाला लावली, कढईवरून ओवाळली आणि आत सोडली. अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत. वर आमच्याकडं बघून हसली.

मी जो ओरडलो, त्यानं म्हशींची धार आटली असेल. शालन घाबरली नाही, तिला नवल वाटलं.

"काय झालं, गुर्जी?"

"पीठ का टाकलंस, बाई?" सरांनी विचारलं.

"पिठाबिगर खवा धरतो व्हय?" ती म्हणाली. "तुमी पोतं बंद केलं. म्या म्हणलं, संस्थेची वढाताण असंल. म्हून घरचं आणते."

सर खाली बसले. बाकडं होतं, तरी जमिनीवर बसले.

सभेत भट्टीवरची एकही बाई नव्हती, आणि तिला कुणी चोरी शिकवलीच नव्हती. ती आली, तिनं बघितलं, शिकली, तिच्यासाठी खवा म्हणजे हाच. कढईत मूठ सोडणं हे तिला तिखटमिठाइतकं साधं होतं, वर शकुनाचंही. संस्थेवर माया म्हणून ती आपल्या डब्यातलं पीठ आणून आमचा खवा नासवत होती. तिच्या शेजारच्या दोन कढयांवरही तेच चाललं होतं. परत येताना सर म्हणाले, "चोर असता तर सोपं होतं, सर. चोराला ठाऊक असतं का ही चोरी हाय." ते मलाही सरच म्हणायचे. पुढं म्हणाले, "मी पोरांना कर्ज, चलन, तूट सगळं शिकवलं. ते सगळं कागदावर भरून निघतं. पर त्याच्या राज्यात जी मानसं कामाला लागली, त्यांच्या हातात काय बसलंय, ते कुठं मोजायचं?"

त्या संध्याकाळी ते शालनच्या घरी गेले. तिची सासू कौसाक्का पूर्वी भट्टीवर असायची. तिच्या खव्याचं वजन कमी भरतं म्हणून माजी अध्यक्षांनी तिला घरी बसवलं होतं. सरांनी तिला परत बोलावलं.

"मला कशाला?" कौसाक्का भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "माझा खवा हलका हाय. जड हाताची सून कढईवर बसवलीया न्हवं तुमच्या संस्थेनं."

"हलकाच पायजे, अक्का."

"मागल्या अध्यक्षाला सांगा म्हणावं, येऊन माफी माग." पण बोलता बोलता ती चपला शोधू लागली होती.

पुढचे महिने बघण्यासारखे होते. कौसाक्का कढईपाशी पाटावर बसायची आणि तोंडाचा पट्टा असा सोडायची की भट्टीला वेगळं जळण लागू नये. शेवटाला जाळ कमी कर. हात थांबवू नको. दुखतो तर दुखू दे. पीठ टाकलं की खवा चटकन धरतो. पिठाशिवाय शेवटची ढवळाढवळ लांबते आणि तिथंच खांदे निखळतात. शालनच्या कढया करपल्या, काही पातळ राहिल्या. प्रत्येक करपलेल्या कढईबरोबर गावात सरांच्या नावानं नवी शिवी तयार व्हायची. काही तर इतक्या कल्पक होत्या की मराठीचा माणूस म्हणून मला अभिमान वाटायचा. आणि ढवळता ढवळता शालनचा हात आपोआप ओटीकडं जायचा. ओटी रिकामी असायची, तरी जायचा.

"हात कुठं चालला गं?" कौसाक्का म्हणायची. हात परत यायचा.

यात्रा जवळ आली तेव्हा माजी अध्यक्ष स्वतः मोटारसायकलवरून आले. सरांच्या ओसरीवर बसून, आपुलकीनं, अगदी सरांच्याच भल्यासाठी बोलले. "गुर्जी, एक मूठ. यात्रेपुरती. तुमचं अध्यक्षपद राहील, लोक खूश, देव बी रागवायचा न्हाय."

"देव न्हाय रागवायचा," सर म्हणाले. "त्याला चौथ्या दिवशी पेढा खायचा नसतो."

यात्रेआधी मामांच्या फळीवर पुन्हा गोळा ठेवला. चार दिवस झाले तरी टिकला. थेंब टाकला, निळा झाला नाही. मामांनी चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले. "माझी जीभ मानली, गुर्जी. पर माझं गिऱ्हाईक अजून मागच्या वर्साचं थुंकतंय. ह्या यात्रेला न्हाय जमायचं."

सरांनी सभेत हेच्या हेच सांगितलं. एक शब्द गोड करून सांगितला नाही. सभा उसळली. वर्ष दिलं होतं, वर्ष संपलं, भट्टी मोडा. सर उभे राहिले. मला वाटलं, आता वारसा, देश, राष्ट्राध्यक्ष, सगळं बाहेर येणार. ते म्हणाले, "चुकलं ते माझं म्हना. खुर्ची घ्या. भट्टी तेवढी चालू ठेवा. ती बाई आत्ता कुठं शिकलीया."

खुर्ची लगेच घेतली. माजी अध्यक्षांच्या पुतण्याला अध्यक्ष केलं. आणि भट्टी वाचली, कारण भट्टीच नसेल तर आपण अध्यक्ष कशाचे, हे पुतण्याच्या लगेच ध्यानात आलं. हुशार होता.

पावसाळा सरला आणि सोनारीहून जीप आली. आधी मामा, मग बाकीचे पेढेवाले. गावचा खवा कमी पडू लागला. पुतण्याचा सत्कार झाला. फेटा, शाल, लाउडस्पीकर, 'गावाला बाहेर काढणारे तरुण नेतृत्व'. माजी अध्यक्ष मंचावर डोळे पुसत होते. मी शेवटच्या रांगेत सरांशेजारी बसून आतल्या आत उकळत होतो. सर टाळ्या वाजवत होते. मी विचारलं, कशासाठी वाजवताय? "जीप आली म्हून," ते म्हणाले. त्यांच्या हाताकडं मी बघत राहिलो. टाळ्या खऱ्या होत्या. घरी जाताना वैनींनी त्यांचा हात धरला, तो फाटकापर्यंत सोडला नाही.

परवा, म्हणजे ह्या यात्रेच्या तोंडावर, मी भट्टीवरून जात होतो. मागणी एवढी, की पुतण्याला रात्रंदिवस खव्याची स्वप्नं पडत असावीत. पिठाचं एक पोतं त्यानं भट्टीवर उतरवलं होतं. शालनला म्हणाला, वैनी, यात्रेपुरता जरा हात सैल सोडा. कौसाक्का लेकीकडं लोहाऱ्याला गेलेली, सर कुठंच नाहीत. अडवायला कुणी नव्हतं. मी दारातच थांबलो.

शालननं ढवळणं थांबवलं नाही. "दादा," ती म्हणाली, "तुमचं ऐकलं असतं. पर आता हात जात न्हाय."

पुतण्या म्हणाला, मग दुसरीला बसवतो. तिनं उलथणं सोडलं नाही, आणि शेजारच्या दोन्ही कढयांवरच्या बायकाही जागच्या उठल्या नाहीत. पुतण्यानं फोन आल्यासारखं केलं आणि तो गेला.

मी धापा टाकत सरांकडं गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी मला तिचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा.

"कौसाक्का नव्हती?"

"नव्हती."

"शालनच्या हाताखाली आता कोन शिकतंय?"

"तिची धाकटी जाऊ. नुकतीच लगीन होऊन आलीय."

"तिला पिठाचं ठाऊक हाय?"

"कुठलं? ती पोत्याला अडखळली आणि शालनला म्हणाली, हे इथं कशाला आणलंय?"

सर डोळे मिटून बसले.

"शालनला म्हणावं, तिला सांगू नका," ते म्हणाले. आणि मी उठून दारापर्यंत गेल्यावर हाक मारली.

"सर, थांबा. न्हाय, सांगा म्हणावं. सगळं सांगा, घागरीसकट. न्हायतर उद्या दुसराच कुणीतरी नुसतं घागरीचं सांगंल."